वाचक विचारतात : गोव्याच्या उन्हात बुटके कोनफ्लॉवर

या वेळच्या टपालात कोनफ्लॉवरची पत्रे इतकी आली की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी राखून ठेवले आहेत. ज्यांनी हे फूल पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ताठ दांड्यावर मध्ये तांबूस-नारिंगी काटेरी बोंडूस आणि त्याच्याभोवती खाली झुकलेल्या गुलाबी-जांभळ्या पाकळ्या. कूळ सूर्यफूल, झेंडू, शेवंतीचेच. मूळ घर अमेरिकेच्या मध्य आणि पूर्व भागातली गवताळ माळराने. शास्त्रीय नाव एकिनेशिया. बागेतल्या बहुतेक जाती एकिनेशिया पर्पुरियापासून आलेल्या आहेत. दांड्याची फुले बरेच दिवस टिकतात, मधमाशा आणि फुलपाखरे त्यांच्यावर सारखी असतात, म्हणून ज्याने एकदा पाहिले त्याला ते आपल्या अंगणात हवेसे वाटते. मलाही वाटले. म्हणून तर दरवर्षी लावते.

म्हापशाहून एक शिक्षिका विचारतात : काकी, आमच्या घरासमोर सकाळी आठपासून संध्याकाळी पाचपर्यंत ऊन असते, सावलीला एकही झाड नाही. बुटक्या कोनफ्लॉवरचे फोटो पाहिल्यापासून तेच लावायचे मनात आहे. वाफा करू की कुंड्या? जात कोणती घेऊ? एवढे ऊन त्यांना सोसेल का?

कुंड्याच कर, बाय. बुटकी जात निवडलीस हे फार चांगले केलेस. कोनफ्लॉवरची मूळ जात तीन-चार फूट वाढते. बुटक्या जाती दीड-दोन फुटांवर थांबतात आणि दहा-बारा इंची कुंडीत सुखाने राहतात. म्हणजेच त्या उचलता येतात, आणि गोव्यात हाच त्यांचा सगळ्यात मोठा गुण. आपल्याकडे या झाडाची जागा वर्षभरात बदलत राहावी लागते. थंडीत उघडे अंगण, एप्रिल-मेमध्ये दुपारची सावली, जूनमध्ये वळचण. जमिनीत रुजवलेले झाड पाऊस आला म्हणून उचलून आत घेता येत नाही.

जातींबद्दल नीट ऐक, कारण इथेच लोकांचे पैसे जातात. बियांपासून करायच्या दोन जाती मी डोळे झाकून सांगेन. एक, पॉवाव वाइल्ड बेरी, गडद गुलाबी रंगाची. तिला २०१० साली ऑल-अमेरिका सिलेक्शन्सचा पुरस्कार मिळाला. ही अमेरिकेतली संस्था बागेच्या नव्या जाती लावून पारखते आणि चांगल्यांना पुरस्कार देते. दुसरी शायेन स्पिरिट, तिला तोच पुरस्कार २०१३ साली मिळाला. तिच्या एकाच पाकिटातून लाल, नारिंगी, पिवळी, जांभळट, पांढरट अशी सरमिसळ फुले येतात. दोन्ही पेरल्या त्याच हंगामात फुलण्यासाठी तयार केलेल्या आहेत. किम्स नी हाय, सोम्ब्रेरो, किस्मेट ही नावेही तुला दिसतील. त्या सुंदर आहेत, पण त्यांची रोपे बियांपासून करत नाहीत, मातृझाडाच्या भागापासून वाढवतात. त्यामुळे ‘किस्मेटचे बी’ म्हणून कोणी काही विकत असेल तर घेऊ नकोस. आणि निळ्या कोनफ्लॉवरचे फोटो दाखवून बी विकणाऱ्याकडे तर फिरकूसुद्धा नकोस. कोनफ्लॉवरमध्ये निळा रंग नाही.

गुच्छेदार, दुहेरी पाकळ्यांच्या जाती फोटोत भारदस्त दिसतात. मला त्या आवडत नाहीत. मधला काटेरी बोंडूस पाकळ्यांनी झाकला गेला की मधमाशांना मध आणि पराग नीट मिळत नाहीत, त्या दुसरीकडे वळतात. या फुलाचे खरे वैभव त्या बोंडसातच आहे.

आता उन्हाचे. याला रोज सहा तास चांगले ऊन लागते. तुझ्याकडे नऊ तास आहे, ते नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तमच. मार्चच्या मध्यापासून मात्र दुपारी बारा ते तीनपर्यंत ऊन अडवायला हवे. ते झाड उष्णतेला घाबरत नाही, त्याच्या मूळ प्रदेशातही उन्हाळा कडक असतो. पण तिथे मुळे जमिनीत खोल, गारव्यात असतात. तुझ्या कुंड्या मात्र अंगणातल्या पेव्हरवर असणार. पेव्हर आणि कुंपणाची भिंत दुपारी तापतात, ती धग कुंडीच्या मातीत शिरते आणि मुळे भाजतात. म्हणून काळी प्लास्टिकची कुंडी नको. मातीची घे आणि खाली एक चिरा ठेव, म्हणजे बूड तापत नाही आणि पाण्याचे भोकही मोकळे राहते. घराच्या पूर्वेला जागा असेल तर एप्रिलमध्ये कुंड्या तिथे हलव. सकाळचे ऊन मिळते, दुपारनंतर घराचीच सावली येते. नसेल तर हिरवी शेड-नेट बांध, अर्धे ऊन अडवणारी पुरे. लाल-नारिंगी फुलांचा रंग एप्रिलच्या उन्हात दोन-तीन दिवसांत फिका पडतो, तोही सावलीने थोडा टिकतो.

माती आपली तांबडी, चिऱ्याची, आंबट. कोनफ्लॉवरला ती आंबट जरा कमी हवी, म्हणजे सामू (पीएच) साडेसहाच्या आसपास. दोन भाग तांबडी माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग जाडी रेती, आणि कुंडीमागे चहाचा एक चमचा डोलोमाइट, म्हणजे आंबटपणा कमी करणारी चुनखडीसारखी भुकटी. रेतीऐवजी चिऱ्याची बारीक खडीही चालते. नुसते कोकोपीट वापरू नकोस, ते पाणी धरून बसते. खत यापेक्षा जास्त नको. हे माळावरचे झाड आहे, गरिबीत ताठ उभे राहते. नत्र जास्त झाले की पाने माजतात आणि दांडे लोळतात.

बी दसऱ्याच्या सुमारास पेर, पाऊस ओसरलेला असतो. ट्रेमध्ये वरून जेमतेम झाकेल एवढीच माती टाक. दहा ते वीस दिवसांत उगवते. त्याआधी बी ओल्या रेतीत मिसळून, पिशवीत घालून तीन-चार आठवडे फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवले तर उगवण एकसारखी होते. या दोन जातींना त्याची गरज नसते, पण साध्या जांभळ्या जातीचे बी असेल तर जरूर कर. फ्रीझरमध्ये नाही हं. रोपाला चार-पाच खरी पाने आली की कुंडीत हलव, आणि बुंधा मातीत पुरू नकोस. ट्रेमध्ये जेवढा वर होता तेवढाच वर ठेव.

एवढे सगळे केलेस तरी फूल येईल याची हमी नाही. ते का, हे पुढच्या पत्राच्या उत्तरात वाच. ते वाचल्याशिवाय बी मागवू नकोस.

पेडण्याहून एक निवृत्त गृहस्थ लिहितात : ऑक्टोबरात बी पेरले, रोपे छान जगली. आता फेब्रुवारी संपत आला. पाने तळहाताएवढी, काळपट हिरवी, निरोगी. पण ती जमिनीलगत पसरून बसली आहेत, दांड्याचा पत्ता नाही. ऊन दिवसभर आहे. शेणखत घातले, पोटॅश घातले, कोणी सांगितले म्हणून पाणीही तोडून पाहिले. काय कमी पडते आहे?

भाऊ, तुमच्या झाडाला काहीही झालेले नाही. पोटॅश थांबवा, पाणी नेहमीसारखे सुरू करा. कमी पडतो आहे तो दिवस. ऊन नव्हे, दिवसाची लांबी.

शेवंतीवरून सांगते, ती आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहे. आमच्या म्हार्दोळच्या बाजूला देवाला आणि केसांत शेवंती लागतेच, त्यामुळे घरोघरी तिच्या कुंड्या. माझ्या सासूबाई शेवंतीची कुंडी व्हरांड्यातल्या विजेच्या दिव्याखाली ठेवू देत नसत. ‘रातची ती निजूंक जाय,’ म्हणायच्या, म्हणजे रात्री तिला झोपायला हवे. दिव्याखालची शेवंती कळ्या धरत नाही हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले होते. त्याचे कारण असे की शेवंतीला कळी धरायला लांब रात्र लागते. पावसानंतर दिवस लहान होत जातात, रात्र लांबते, तेव्हा ती फुलते. पॉलिहाऊसवाले याचाच उपयोग करून घेतात. रात्री दिवे लावून शेवंतीला फुलण्यापासून थोपवून धरतात आणि बाजाराला हवी तेव्हा दिवे बंद करून फुलवतात.

कोनफ्लॉवरचे याच्या उलट आहे. त्याला दांडा काढायला साधारण १३ ते १५ तासांचा दिवस लागतो. १२ तास किंवा त्याहून लहान दिवस असेल तर ते पानांची बैठक करून बसून राहते, अगदी तुमच्या रोपांसारखे. आता आपला दिवस किती ते पाहा. पणजीत डिसेंबरच्या अखेरीस सूर्योदय ते सूर्यास्त सव्वाअकरा तासांपेक्षाही थोडा कमी भरतो. साडेबारा तासांचा दिवस उजाडायला एप्रिलचा मध्य येतो. वर्षातला सगळ्यात मोठा दिवस २१ जूनचा, तोही जेमतेम १३ तासांचा, आणि तेव्हा वरून पाऊस कोसळत असतो. शिकागोला तोच दिवस १५ तासांहून मोठा असतो. ज्या माळरानावर हे झाड घडले तिथे उन्हाळा म्हणजे लांब दिवस, कोरडी माती आणि मोकळा वारा हे एकत्र येतात. गोव्यात कोरडी माती असते तेव्हा दिवस लहान, आणि दिवस लांबतो तेव्हा माती चिखल. ऊन आपल्याकडे भरपूर आहे, पण या झाडाचा मेळ बसत नाही तो इथे. बागकामाच्या परदेशी व्हिडिओंमध्ये ‘भरपूर ऊन द्या’ एवढेच सांगतात, कारण त्यांना लांब दिवस आपोआप मिळतो. तुमच्यासारखी मेहनती माणसे मग खतात दोष शोधत बसतात. मला याचे खरेच वाईट वाटते.

उपाय आहे, आणि तो स्वस्त आहे. दिवस लांबवता आला नाही तरी रात्र तोडता येते. झाड खरे तर अखंड अंधार मोजते. मध्यरात्री चार तास उजेड पाडला की त्याला ती एक लांब रात्र न राहता दोन तुटक्या रात्री होतात, आणि ते लांब दिवस समजून दांडा काढते. ड्रॅगन फ्रूटचे बागायतदार बिनहंगामी फुलासाठी थंडीत रात्री बल्ब लावतात, तेही याच तत्त्वावर.

आजपासून असे करा. नऊ-दहा वॉटचा पिवळसर उजेडाचा एलईडी बल्ब झाडांच्या टोकापासून तीनेक फूट उंचीवर टांगा. पांढऱ्याशुभ्रपेक्षा पिवळसर बरा, त्यात लाल प्रकाशाचा भाग जास्त असतो आणि झाड तोच ओळखते. एका बल्बखाली कुंड्या गोल मांडून चार फुटांचा घेर भागतो. टायमरचा प्लग मिळतो, त्यावर रात्री दहा ते दोन लावून ठेवा म्हणजे उठायला नको. उजेड फार प्रखर नको, त्या उजेडात वर्तमानपत्र वाचता आले की पुरे. रात्रभर दिवा ठेवू नका. सतत उजेडात हे झाड पुन्हा बिघडते, त्याला अंधारही हवा आहे. होल्डर आणि वायर बाहेरच्या वापराची घ्या, दव पडते. जवळ शेवंतीच्या कुंड्या असतील तर त्या घराच्या पलीकडच्या बाजूला न्या, नाहीतर एकाला फुलवताना दुसरी रुसेल.

दांडा दिसेपर्यंत रोज हे चालू ठेवा, मध्ये खंड नको. दिवा लावल्यापासून फूल उमलेपर्यंत दोन ते तीन महिने धरा. तुमची रोपे मोठी झालेली आहेत, त्यामुळे त्यांना तयारीला वेळ लागणार नाही. फेब्रुवारीअखेर सुरुवात केलीत तर मेमध्ये फुले दिसतील. पुढच्या वर्षी मात्र जानेवारीच्या आरंभीच दिवा लावा. म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये, हवा अजून सुसह्य असताना बहर येईल, आणि पहिली फुले कापत गेलात तर मेपर्यंत नवी येत राहतील. फूल कोमेजले की दांडा खाली पहिल्या सशक्त पानाच्या वर कापायचा, तिथून फुटवा येतो.

दिवा लावणे ज्यांना पटत नाही त्यांना मी आग्रह करणार नाही. रातकिडे दिव्यावर येतात, शेजाऱ्यांच्या खिडकीत उजेड जातो, हे खरे आहे. त्यांनी गॅलार्डिया लावावा. तोही अमेरिकेचाच, त्याच कुळातला, लाल-पिवळा, मध्ये तसाच गोल उंचवटा, आणि गोव्याच्या कडक उन्हात कोणतीही खुशामत न करता फुलतो. बुटका झिनियाही आहे. प्रोफ्यूजन नावाची मालिका फूट-दीड फुटाची राहते, तिच्या दोन रंगांना १९९९ साली ऑल-अमेरिका सिलेक्शन्सचे सुवर्णपदक मिळाले. ही दोन्ही फुले आपल्या लहान दिवसांत अडून बसत नाहीत.

वाळपईहून एक गृहिणी : मागच्या एप्रिलमध्ये माझ्या कोनफ्लॉवरला फुले आली, सगळी आळी बघायला आली. जूनमध्ये पंधरा दिवसांत सगळी झाडे काळी पडून बसली. आमच्या सत्तरी तालुक्याच्या पावसात ही जगवता येतील का? की दरवर्षी नवी लावायची?

ताई, तुमच्याकडे फुले आली यातच तुमचा हात दिसतो. सत्तरीचा पाऊस म्हणजे किनाऱ्यापेक्षाही वरचढ, घाट जवळ. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा चार महिन्यांत. या झाडाच्या माळरानावर त्याचा तिसरा हिस्सा पडतो, तोही वर्षभर विखरून. कोनफ्लॉवर कडाक्याच्या थंडीत, बर्फाखाली जगते, पण बुंधा दिवसेंदिवस भिजत राहिला तर कुजते. पाने काळी पडतात ती नंतर. आधी खाली, जिथून पाने फुटतात तिथे, मऊ पडलेले असते.

मी माझी झाडे अशी सांभाळते. मेच्या शेवटच्या आठवड्यात, मळभ येऊ लागले की सगळे दांडे बुंध्यापर्यंत कापते, जुनी आणि डाग पडलेली पाने काढून टाकते. कुंड्या पडवीच्या कडेला, जिथे पागोळ्यांचे शिंतोडेही येणार नाहीत पण उजेड भरपूर असेल अशा ठिकाणी चिऱ्यांवर मांडते. खाली बशी ठेवत नाही. मातीवरचे पालापाचोळ्याचे आच्छादन काढते आणि बुंध्याभोवती बोटभर जाडीची रेती पसरते. नारळाच्या सोडणांचे तुकडे उन्हाळ्यात आच्छादनाला उत्तम, पण पावसाळ्यात तेच ओल धरतात, म्हणून तेही बाजूला. जून ते सप्टेंबर खत अजिबात नाही. पाणी वरची दोन बोटे माती कोरडी झाल्यावरच, आणि त्या दमट हवेत ती वेळ क्वचितच येते. दोन कुंड्यांमध्ये हातभर अंतर ठेवा, वारा खेळला पाहिजे, नाहीतर पानांवर भुरी आणि डाग येतात. रात्री टॉर्च घेऊन गोगलगायी वेचा. कोवळा फुटवा त्यांना फार आवडतो, एका रात्रीत बैठक साफ करतात.

एवढे करूनही काही झाडे जातात. नवी नारिंगी-पिवळी संकरित झाडे आधी जातात. त्यांच्यात एकिनेशिया पॅराडॉक्सा या पिवळ्या रानजातीचे रक्त आहे, ती मिसुरी-आर्कान्सासकडच्या खडकाळ, कोरड्या टेकड्यांवरची. साधी गुलाबी-जांभळी त्यामानाने चिवट. त्यामुळे माझे मत असे, की वाचतील ती वाचवा, पण दरवर्षी थोडे बी दसऱ्याला पेरत राहा. वाचलेल्या झाडाची बैठक तीन-चार वर्षांत दाट झाली की ऑक्टोबरात कुंडीतून काढून, मुळांसकट दोन-तीन भाग करून वेगळे लावता येतात.

ज्यांनी माझे न ऐकता जमिनीतच लावले असेल त्यांनी निदान वाफा फूटभर उंच करावा, कडेने चिरे लावावेत, आणि जूनपूर्वी वर झाप घालून पाणी बाजूला काढून द्यावे. वाळपईला तेवढ्याने भागेल असे मात्र मी म्हणणार नाही.

आणि जूनमध्ये अंगण ओकेबोके दिसते म्हणून हळहळू नका. कुंड्या आत गेल्या की त्याच जागी पहिल्या पावसाला तेरडा टाका. तो आपल्या मातीतला, पाऊस हाच त्याचा खुराक. चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, फुललेला असतो, माटोळीखाली (गणपतीवर बांधतात त्या फळा-पानांच्या चौकटीखाली) देवापुढे तेरड्याची फुले असली की आणखी काय हवे.

काणकोणहून एक महाविद्यालयीन विद्यार्थी : एका झाडाची फुले गुलाबी न होता हिरवीच राहिली. मधल्या बोंडसातून बारीक पानांचे झुपके वर आले आहेत. दिसायला विलक्षण आहे, मित्र म्हणतात नवी जात निघाली, बी धर. धरू का?

धरू नकोस. झाड आजच्या आज मुळासकट उपट.

ही नवी जात नाही, ॲस्टर यलोज नावाचा रोग आहे. फायटोप्लाझ्मा नावाचे अतिसूक्ष्म जीव झाडाच्या रसवाहिन्यांत शिरतात आणि फुलाच्या भागांना पाने व्हायला लावतात. पाकळ्या हिरव्या राहतात, फूल वेडेवाकडे होते, बोंडसातून पानांचे झुपके निघतात, कधी कधी झाडच खुरटते. एका झाडावरून दुसऱ्यावर हा रोग तुडतुडे नेतात. त्यांनी आजारी झाडाचा रस शोषला की पुढे ते ज्या झाडावर बसतील त्याला लागण होते. यावर औषध नाही, ना दुकानात ना घरात. आजारी फांदी कापून उपयोग नसतो, कारण जीव अंगभर पसरलेला असतो. झेंडू, शेवंती, ॲस्टर ही याच कुळातली फुले, त्यांनाही तो लागू शकतो. तुझ्या शेजारी कोणी बाजारासाठी झेंडू करत असेल तर तुझ्या एका ‘विलक्षण’ झाडापायी त्याचे नुकसान व्हायला नको.

उपटलेले झाड पिशवीत बांधून टाक किंवा जाळ, खताच्या खड्ड्यात नको. कुंडीतली माती मात्र चालेल, हा रोग मातीतून जात नाही. भोवतालचे तण काढ, तुडतुडे त्यात राहतात. बाकीच्या झाडांवर पिवळे चिकट सापळे लाव आणि आठवड्यातून एकदा पानांची खालची बाजू बघ. कडुनिंबाच्या तेलाचा फवारा संध्याकाळी द्यावा, सकाळी मधमाशा असतात.

एक खात्री मात्र करून घे. काही जातींची फुले जन्मतःच हिरवट असतात, आणि कोणत्याही कोनफ्लॉवरच्या पाकळ्या उमलताना आधी हिरव्याच असतात. फुले वाकडी, पानांसारखी असतील तरच रोग समज. तुझ्या वर्णनात झुपके आले आहेत म्हणून मी एवढे ठामपणे सांगते. फूल कसे आणि का बिघडले हे तू इतके नीट पाहून लिहिलेस, त्याचे कौतुक वाटले. उपटण्यापूर्वी फोटो काढून ठेव, तुझ्या वनस्पतीशास्त्राच्या वर्गात दाखव.

मडगावहून एक आजी विचारतात : भाचा अमेरिकेहून येतो आहे, त्याला बी आणि मुळांचे दोन गड्डे आणायला सांगू का? आणि या झाडाचा काढा सर्दीवर चालतो म्हणतात, अंगणातले वापरले तर?

आजी, गड्डे नको आणि बीही तसेच नको. बियाणे किंवा रोप परदेशातून भारतात आणायचे तर प्लांट क्वारंटाइन ऑर्डर, २००३ प्रमाणे आयात परवाना आणि तिथल्या सरकारचे रोगमुक्ततेचे प्रमाणपत्र लागते. बॅगेत टाकून आणलेले पाकीट विमानतळावर जप्त होऊ शकते. वरच्या पत्रातला रोग वाचलात ना, नियम त्यासाठीच आहेत. भाच्याला चॉकलेट आणू दे, बी इथल्या विक्रेत्यांकडे मिळते.

काढ्याबद्दल. अमेरिकेतले मूळ रहिवासी एकिनेशियाच्या वेगवेगळ्या जातींची मुळे औषधाला वापरत, आणि त्याच्या गोळ्या आज जगभर विकल्या जातात. पण सर्दीवर त्याचा उपयोग झालाच तर थोडा, असेच आजवरच्या चाचण्यांतून दिसते. ज्यांना शेवंती-झेंडूच्या कुळातल्या फुलांची ॲलर्जी असते त्यांना याने त्रास होऊ शकतो. तुम्ही रक्तदाबाची गोळी घेता असे पत्रात लिहिले आहे, म्हणून आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा. शिवाय काढ्यासाठी मूळ काढायचे म्हणजे झाडच गेले, आणि बागेतल्या झाडावर आपण काय काय फवारलेले असते. सर्दीला तुमच्या तुळशीचा, आल्याचा काढा आहेच.

बी मागवताना पाकिटावरची पॅकिंगची तारीख बघा. दोन वर्षांपेक्षा जुने असेल तर घेऊ नका, कोनफ्लॉवरच्या बियांची उगवण लवकर कमी होते. पेरायला अजून अवकाश असेल तर पाकीट झाकणाच्या डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा. आपल्या दमट हवेत कपाटात ठेवलेले बी चवथीपर्यंतही धड राहत नाही.